मोठे टॉवर स्पीकर आणले पण बेसच नाही, काय चुकूलालंय?

शहापूरगल्ली_७१
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात कोल्हापूरहून एकाकडनं जुने टॉवर स्पीकर आणले. कमरेपर्यंत येतात, एकेकात १० इंची वूफर (खालचा आवाज काढणारा मोठा गोल), दोघांनी धरून जिना चढवताना जीव गेला. वाटलं आता घर हादरणार, कसलं काय! गळा स्वच्छ, सारंगी सुरेख, पण खाली काहीच नाही. कुमार गंधर्वांचं गाणं लावलं (आमच्याच बेळगावकडच्या सुळेभावीचे की ओ) तर डग्गा म्हणजे कुणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचक्या मारूलालाय असं वाटतंय, घुमारा कुठं गेला कळेना.

खोली वरच्या मजल्यावर, १४ बाय १४, स्लॅबची, एक भिंत शेजाऱ्यांची आणि आमची एकच. स्पीकर भिंतीपासून साडेतीन फूट पुढं ओढलेत, कारण सगळे व्हिडिओवाले भिंतीपासून लांब ठेवा म्हणून सांगतात. मी बरोबर मधे खुर्ची टाकून, पंख्याखाली. अँप्लिफायर (अँप) ५० वॅटचा, जुनाच.

आता गंमत ऐका. मला वर बेस नाही म्हणून आवाज वाढवला की आई खालून ओरडते, फडताळातली भांडी वाजूलालीत, बारीक कर म्हणून. म्हणजे बेस निघतोय पण माझ्यापर्यंत येत नाही? दुकानदार म्हणाला २०० वॅटचा अँप घे. घ्यावा का?

निपाणीकर
थांबा, पैसे घालवू नका. आधी वायर बघा. दोन्हीपैकी एका स्पीकरचं लाल-काळं उलटं झालं की एक वूफर पुढं येताना दुसरा मागं जातो आणि दोघं मिळून बेस खाऊन टाकतात, वरचा आवाज मात्र ठीक वाटतो म्हणून कुणाला शंका येत नाही. माझ्याकडं ५-६ महिने असंच चाललं होतं, दोन्ही तारा पांढऱ्या, लावणारा घाईत. तपासायचं सोपं आहे, दीड व्होल्टचा सेल घ्या, अँपची वायर काढून सेलचं प्लस लाल टर्मिनलला आणि मायनस काळ्याला क्षणभर टेकवा, वूफरचा कोन (मधला पडदा) बाहेर यायला पाहिजे. टेकवून धरून ठेवू नका. दोन्ही स्पीकरला करा.

आणि मागं चार टर्मिनल असतील तर त्यांना जोडणारी पितळी पट्टी जागेवर आहे ना बघा. जुन्या स्पीकरची ती हमखास हरवलेली असते, मग वूफरला करंटच जात नाही.

अजून एक, वूफरच्या कडेची गोल पट्टी फोमची का रबराची? फोम असेल तर बोटानं हळूच दाबा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो चिकट होऊन भुगा होतो.

डॉल्बी_भक्त
भावा एवढा विचार कशाला, एक १२ इंची सबवूफर (फक्त बेसचा वेगळा स्पीकर) घे आणि विषय संपव 😄 ५० वॅटमध्ये काय होणार, गणपतीत बघतोस ना कपिलेश्वर मंदिरापर्यंत काचा कशा थरथरतात, तिथं किती हजार वॅट असतात.

खानापूर_कौलारू
डॉल्बी_भक्त, मिरवणुकीचं गणित घरात लागत नाही हो.

माझा उलटा किस्सा सांगतो. आमचं जुनं घर, जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, माळा उघडाच. बेंगळुरात फ्लॅटमध्ये जे स्पीकर घुमायचे तेच इथं आणल्यावर पोकळ झाले. कौलांच्या फटीतनं सगळा खालचा आवाज बाहेर जातो, खोलीत दाब धरतच नाही, बाहेर ओसरीवर बसलं तर जास्त बेस ऐकू येतो, खोटं वाटेल पण खरं. शेवटी स्पीकर कोपऱ्यात सारले तेव्हा जरा जीव आला. पण तुमची खोली स्लॅबची आहे, त्यामुळं तुमचं दुखणं वेगळं असणार.

शहापूरगल्ली_७१
निपाणीकर, सेल लावून बघितलं. दोन्ही कोन बाहेर येतात. पट्टी जागेवर आहे, कड रबराची. म्हणजे स्पीकर शाबूत. मग?

टिळकवाडी_सर्किट
मग पंखा.

हसू नका. आपण सगळे खोलीच्या मधोमध बसतो कारण पंखा मधोमध असतो, आणि बेससाठी खोलीतली सगळ्यात वाईट जागा नेमकी तीच. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तुमची खोली १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी लाट बसते ती ३४३ भागिले ८.५४, म्हणजे ४० हर्ट्झची (सेकंदाला ४० कंपनं). ह्या लाटेचा दाब भिंतीपाशी सगळ्यात जास्त आणि बरोबर मधे शून्य. तुमची खुर्ची त्या शून्यात आहे. वर खोली चौरस, त्यामुळं आडव्या दिशेलाही तोच ४० चा आकडा येतो. १४ बाय ११ असती तर निदान दोन्हीकडचे खड्डे वेगवेगळ्या सुरांवर पडले असते.

आता दुसरा खड्डा. साडेतीन फूट पुढं ओढलेला स्पीकर. वूफरचा खालचा आवाज मागंही पसरतो, भिंतीवर आपटून परत येतो आणि जी लाट भिंतीच्या अंतराच्या चौपट लांबीची असते ती पुढच्या आवाजाला उलटी भेटून मरते. साडेतीन फुटाचे चौपट १४ फूट, म्हणजे ८० हर्ट्झ. ४० गेला, ८० गेला, डग्ग्याचा घुमारा साधारण ह्याच पट्ट्यात असतो, मग खोक्यावरच्या टिचक्याच उरणार की. अंतर वूफरपासून भिंतीपर्यंत मोजा, खोक्याच्या पाठीपासून नाही.

वॅट वाढवून हे भरत नाही. अँप दुप्पट केला तर फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि जेवढा सरळ आवाज वाढतो तेवढाच भिंतीवरून येणारा पण वाढतो, दोघं परत एकमेकांना मारतात. फायदा फक्त खालच्या भांड्यांना. सुम्मने, उगाच २०० वॅट घेऊ नका.

खात्री करायची असेल तर मोबाईलवर टोन जनरेटरचं (हव्या त्या हर्ट्झचा एकच सूर वाजवणारं) फुकट अॅप घ्या, वायरनं अँपला जोडा, ४० हर्ट्झ लावा, आवाज बारीक ठेवा, आणि खोलीत हळूहळू चालत फिरा. मधे काही नाही, भिंतीला पाठ टेकली की पोटात गुरगुर. एकदा हे केलं की परत कुणाला विचारायला लागत नाही.

मग स्पीकर भिंतीला नेऊन लावा, खोक्याच्या मागं हवेचं भोक असेल तर वीतभर जागा सोडा. खुर्ची मागं घ्या, मागच्या भिंतीपासून साधारण सव्वापाच फूट. साडेतीन फुटावर नेऊ नका, तिथं ८० चं शून्य बसलंय, आगीतनं फुफाट्यात.

डॉल्बी_भक्त
सर मग भिंतींना अंड्याचे ट्रे लावले तर? आमच्या मंडळाच्या रूममध्ये लावलेत, भारी वाटतं

टिळकवाडी_सर्किट
भारी दिसतं. ४० हर्ट्झची पाव लाट ७ फूट लांब असते, तिला पुठ्ठ्याचा ट्रे दिसत पण नाही. टाळीची घणघण कमी होईल थोडी, बेसला काही नाही.

निपाणीकर
शहापूरगल्ली, रात्री बारीक आवाजात ऐकता का? भिंत सामाईक म्हणालात म्हणून विचारतो. आवाज कमी केला की आपल्या कानाला बेस आपोआप जास्तच कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. जुन्या अँपवर लाउडनेसचं बटण असतं ते त्यासाठीच. लोक ते कधी दाबतच नाहीत.

शहापूरगल्ली_७१
मंडळी, रविवारी सगळं केलं. आधी ४० चा टोन लावून फिरलो. खुर्चीपाशी खरंच काही नाही, बंद आहे का म्हणून अँपकडं बघितलं, आणि दाराशेजारच्या कोपऱ्यात गेलो तर कानात दडे बसल्यासारखं. आईला वर बोलावून उभं केलं, ती म्हणाली हे गाणं कसलं रे, मिक्सर बरा.

मग स्पीकर मागं सारले, वीतभर अंतर सोडून, खुर्ची पावणेदोन फूट मागं घेतली. डग्गा आला. म्हणजे एकदम डॉल्बी नाही, पण मनगट दाबून घुमवत नेलेला आवाज आता डग्ग्यातनं येतोय असं वाटतंय, आणि तानपुऱ्याचा खर्ज पहिल्यांदाच मागं धरलेला कळतोय. लाउडनेसचं बटण होतं, दाबलं, करकर करूलालंय, आत धूळ असणार. आवाज आधीपेक्षा बराच बारीक ठेवून भागतंय त्यामुळं भांडी गप्प आहेत.

दोन अडचणी उरल्या. गळा मघाशी दोन्ही स्पीकरच्या मधोमध उभा राहायचा तो आता जरा भिंतीला चिकटल्यासारखा वाटतोय. आणि वारं येत नाही, घाम येतोय.

टिळकवाडी_सर्किट
गळ्याचं तसंच होतं, भिंतीजवळ नेलं की आवाजातली खोली थोडी जाते. चार-चार बोटं पुढं घेत बघा, दोन्ही स्पीकर थोडे खुर्चीकडं वळवा. कुठंतरी तुम्हाला चालेल अशी जागा सापडेल, मला पंधरा दिवस लागले. बटणात कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून दहा-वीस वेळा दाबा.

वाऱ्याला टेबल फॅन.

खानापूर_कौलारू
टेबल फॅन स्पीकरपासून लांब हं, नाहीतर तानपुऱ्यात अजून एक तार वाजेल.