‘सिंक’ला सरळ ‘मेळ’ म्हणायला काय हरकत?

शाहूपुरीकर: फोन आणि लॅपटॉपमधली माहिती सारखी ठेवणं म्हणजे सिंक. ‘सिंक्रोनाइझ’चं हे छोटं रूप. मूळ ग्रीक: ‘सिन’ म्हणजे सोबत, ‘ख्रोनोस’ म्हणजे काळ. त्यावरून मराठीत ‘समकालन’ काढलंय. पण इथं काळाचा काय संबंध? एकीकडं नंबर बदलला की दुसरीकडं बदलला, एवढंच. आमच्या गूळ मार्केटात पेढीवर रोजमेळ लिहितात. गल्ला आणि वही जुळल्याशिवाय दिवाणजी उठत नाहीत. घरचा शब्द असताना समकालन कशाला?

बोलपटवेडा: संबंध नाही कसा? कॉम्प्युटरवाल्यांच्या आधी हा शब्द बोलपटवाल्यांचा. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीनं इथंच कोल्हापुरात केला, त्या काळातला. ओठ हलले त्याच क्षणी आवाज आला पाहिजे. क्लॅपची पाटी कशाला असते? फळी मिटलेली फ्रेम आणि ‘टक्’ आवाज एकावर एक बसवायला. खिशातल्या यंत्रांकडं तो नंतर आला. १९९६ च्या पाम कंपनीच्या ‘पायलट’ या खिशातल्या डायरी-यंत्राच्या स्टँडवरच्या बटणाचं नावच हॉटसिंक होतं.

शाहूपुरीकर: सिनेमापुरतं मान्य. फोन नंबरांच्या यादीला कुठले ओठ?

बोलपटवेडा: ओठ नसतील, घड्याळ आहे. दोन प्रतींत खरी कुठली, हे बरेच प्रोग्रॅम शेवटच्या बदलाच्या वेळेवरून ठरवतात. फाइली जुळवणारा आरसिंक हा प्रोग्रॅम तर फाइलचा आकार आणि बदलाची वेळ एवढंच आधी बघतं. फोनचं घड्याळ चुकलं तर जुनी प्रत नवीच्या डोक्यावर बसू शकते.

राजारामपुरी_रिपेअर: शब्द कुठलाबी घ्या. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन भांडतंय, “सिंक चालू होतं, मग फोटो गेले कसे?” अहो, चालू होतं म्हणूनच गेले! जागा करायला फोनवरनं पुसले, क्लाउडनंही इमानेइतबारे पुसले. बॅकअप वेगळा, हे सांगून सांगून घसा बसलाय. ‘मेळ’ म्हटलं तर निदान कळेल, पुसणंही दोन्हीकडं सारखंच.

कीर्दखतावणी: उलट घोटाळा वाढेल. मी हिशेबातला माणूस. रोजमेळात खोडाखोड चालत नाही, चुकीची नोंद तशीच ठेवून उलटी नोंद करतात. सिंक जुनं गिळून मोकळं होतं. ज्याला मेळ माहीत, तो मागचं सापडेल या भरवशावर राहील आणि फसेल.

शाहूपुरीकर: बरं, मग ‘जुळणी’ म्हणा.

कीर्दखतावणी: ती छापखान्यांनी कधीच घेतलीय. छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवणाऱ्याला जुळारी म्हणायचे.