फॉरवर्ड होणारी ईमेल वाटेत अडते कुठे, आणि अशा सेवांवर हल्ले कशासाठी होतात?

वाटसरू:
नमस्कार. माझ्या स्वतःच्या डोमेनवरच्या पत्त्यावर येणाऱ्या ईमेल मी काही वर्षांपासून एका फॉरवर्डिंग सेवेमार्फत नेहमीच्या मेलबॉक्समध्ये वळवून घेतो. एरवी त्या काही सेकंदांत पोहोचतात. मागच्या आठवड्यात मात्र दहा मिनिटांत बाद होणारा ओटीपी ३४ मिनिटांनी हाती आला, आणि सेवेच्या संकेतस्थळावर ‘सध्या आमच्या सर्व्हरवर हल्ला सुरू आहे’ एवढीच ओळ होती. ईमेल नुसती इकडून तिकडे द्यायची असताना तिला उशीर का व्हावा? आणि जी सेवा स्वतःजवळ काहीच साठवत नाही, तिच्यावर हल्ला करून कोणाला काय मिळते?

जुना पोस्टमास्टर:
‘काहीच साठवत नाही’ ही समजूत आधी बाजूला ठेवू. एसएमटीपी, म्हणजे सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांना ईमेल देतात, त्यांची रीतच अशी आहे की प्रत्येक सर्व्हर ईमेल घेतो, रांगेत ठेवतो, तिची जबाबदारी स्वीकारतो आणि मग पुढच्या सर्व्हरचे दार ठोठावतो. पुढच्याने ५ ने सुरू होणारा कोड दिला तर तो कायमचा नकार असतो. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे ‘आत्ता नको, नंतर या’. मग ईमेल रांगेतच थांबते. आरएफसी ५३२१ या एसएमटीपीच्या २००८ च्या नियमपत्रात पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी साधारणपणे निदान ३० मिनिटे थांबावे आणि चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नये, असे सांगितले आहे. आपली ३४ मिनिटे पाहून मला तरी ही एका फेरीची वाट वाटते.

आता ‘नंतर या’ असे का म्हटले जाते? मेलबॉक्सवाल्या कंपनीला तिच्या दाराशी आलेल्या सर्व्हरचा आयपी पत्ता दिसतो, आणि तो फॉरवर्डिंग सेवेचा असतो. मूळ स्पॅम कोणीही पाठवलेला असो, तो या आयपीच्या खात्यावर मांडला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार आहे. त्या आयपीची पत घसरली की त्याच्याकडून येणाऱ्या ईमेलचा वेग आवळला जातो आणि त्याच रांगेत उभा असलेला आपला ओटीपीही अडकतो.

यात एसपीएफची भर पडते. पाठवणाऱ्या डोमेनने कोणत्या आयपींना परवानगी दिली आहे, हे एसपीएफ तपासते आणि फॉरवर्ड करणारा सर्व्हर त्या यादीत नसतो. म्हणून बऱ्याच सेवा एसआरएस ही पद्धत वापरून लिफाफ्यावरचा प्रेषक (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पत्ता) बदलून स्वतःच्या डोमेनचा लिहितात. पण डीमार्क ही पुढची तपासणी वाचकाला ‘फ्रॉम’मध्ये दिसणाऱ्या डोमेनशी मेळ मागते, आणि तो आता केवळ मूळ डीकेआयएम स्वाक्षरी (पाठवणाऱ्या डोमेनने ईमेलवर केलेली डिजिटल सही) शाबूत राहिली तरच बसतो. एक गंमत अशी की एसआरएसच्या पत्त्यात दिवसागणिक बदलणारा शिक्का असतो. ग्रेलिस्टिंग करणारे सर्व्हर आयपी, प्रेषक आणि प्राप्तकर्ता हे त्रिकूट पहिल्यांदा दिसले की ईमेल परत धाडतात. साहजिकच कालची ओळख त्यांना आज पटत नाही.

ईमेलचे संपूर्ण हेडर, म्हणजे मजकुराच्या वर दडलेल्या तांत्रिक नोंदी, उघडून वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने लिहिलेल्या ‘रिसीव्ह्ड’ या ओळी खालून वर वाचा. वेळा मात्र एकाच टाइमझोनमध्ये आणून मग वजाबाकी करा.

रांगेतला:
हल्ल्यांविषयी लिहितो. वेबसाइटपुढे कॅप्चा उभा करता येतो, मेल सर्व्हरपुढे नाही. त्याचे नाव डोमेनच्या एमएक्स नोंदीत (या डोमेनची ईमेल कुठे द्यायची, हे सांगणाऱ्या) जाहीर असते आणि पंचवीस क्रमांकाचे पोर्ट अनोळखी माणसासाठीही उघडे ठेवावे लागते. त्यामुळे नुसती खोटी जोडणी उघडून तासन्‌तास रेंगाळत ठेवली तरी सर्व्हरच्या जागा अडून राहतात.

हेतू अनेक असतात. खंडणी हा सर्वांत उघड. प्रोटॉनमेल या ईमेल सेवेवर नोव्हेंबर २०१५ मध्ये असा हल्ला झाला, तिने दबावाखाली खंडणी भरली, आणि तरीही हल्ले थांबले नाहीत. फॉरवर्डिंग सेवेबाबत आणखी एक आमिष असते: तिच्या आयपीची कमावलेली पत. तिच्यामार्फत गेलेला स्पॅम थोडा धुतल्यासारखा दिसतो.

सर्वांत त्रासदायक मला ‘सबस्क्रिप्शन बॉम्बिंग’ वाटते. एखाद्याचा पत्ता हजारो संकेतस्थळांच्या नोंदणी अर्जांत भरला जातो आणि खरीखुरी, स्वाक्षरी केलेली पुष्टीपत्रे त्याच्यावर कोसळतात. त्या ढिगाऱ्याखाली ‘तुमच्या खात्यातून पैसे काढले’ ही एकच ईमेल दडवायची असते. फॉरवर्डर यातले काय अडवणार? तपासणीत प्रत्येक ईमेल निर्दोषच ठरते.

वाटसरू:
आपल्या सूचनेप्रमाणे हेडर पाहिले. मूळ सर्व्हरने १०:०२:११ ला ईमेल पाठवली, फॉरवर्डिंग सेवेला ती १०:०२:१३ ला मिळाली, आणि माझ्या मेलबॉक्सने ती १०:३६:२० ला स्वीकारली. म्हणजे ती सेवेच्या रांगेत पडून होती. पण दोष सेवेचा की मेलबॉक्सचा, हे यावरून कसे कळावे?

जुना पोस्टमास्टर:
हेडरवरून नाही कळत. अयशस्वी प्रयत्न त्यात उमटत नाहीत, ते सेवेच्या लॉगमध्ये असतात. तो मागून घ्या. आपल्या डोमेनवर ‘कॅच-ऑल’, म्हणजे कोणत्याही नावाने आलेली ईमेल स्वीकारण्याची सोय, सुरू आहे का, हेही पाहा.

रांगेतला:
पोस्टमास्टरांशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. लॉग जरूर पाहावा, परंतु दहा मिनिटांत बाद होणारी गोष्ट चार-पाच दिवस प्रयत्न करत राहणाऱ्या यंत्रणेवर सोपवणेच चूक आहे. बँकेला थेट मेलबॉक्सचा पत्ता द्यावा, किंवा ओटीपीसाठी ऑथेंटिकेटर ॲप वापरता येत असेल तर ते घ्यावे.

वाटसरू:
लॉग मिळाला. १०:०२:१५ ला मेलबॉक्सने ४२१ हा कोड दिला होता, पुढचा प्रयत्न थेट १०:३६ ला झाला. आणि कॅच-ऑल सुरूच होते: त्या सकाळी माझ्या डोमेनवर अस्तित्वातच नसलेल्या शेकडो नावांनी ईमेल आल्या होत्या, आणि सेवेने त्या सगळ्या इमानेइतबारे माझ्याच मेलबॉक्सकडे ढकलल्या होत्या. कॅच-ऑल बंद केले आहे, बँकेतला पत्ता आज बदलतो.