मदत हवी आहे: पानं पिवळी पडलीत, काय सोडू?

वसमतकर
दोन एकर आहे. पाच दिवस पाणी तुंबलं होतं, आता पानं पिवळी पडायला लागलीत. दुकानदारानं दोन बाटल्या दिल्यात, एकीवर ह्युमिक लिहिलंय. सोडू का? उद्या दिवसाची लाईट आहे, लवकर सांगा.

काळी_माती
पीक कोणतं ते तरी लिहा राव. सोयाबीन असेल तर आधी फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. ई-पीक पाहणी (मोबाईलवरची पीकनोंद) झालीय का?

वसमतकर
वसमत म्हटल्यावर काय असणार? हळद. सेलम जात.

आलेवाला_सातारा
लागण कधीची? सपाट, सरी की गादीवाफा? पिवळेपणा कोवळ्या पानांत की खालच्या? शिरा हिरव्या आहेत का?

वसमतकर
दरवर्षी मेअखेरीस लावतो. यंदा मेमध्येच पाऊस कोसळला, रान तयार झालं नाही, 22 जूनला लागण. सरीवर. शिरा बघितल्या नाहीत. खालची पानं कडेनं वाळत वर चाललीत.

पुणेरी_हवामान
2025 मध्ये मोसमी पाऊस 24 मेला केरळात आणि 26 मेला मुंबईत पोचला. त्याआधीच्या 75 वर्षांत मुंबईत इतक्या लवकर आला नव्हता.

काळी_माती
बरं, मग हळदीला काय सोडायचं?

जीवामृत_जिंदाबाद
एकरी 200 लिटर जीवामृत सोडा, शेण-गोमूत्राचं. मी बारा वर्षं रसायन हातात धरलं नाही.

आलेवाला_सातारा
दादा, बुंधा कुजला असेल तर जीवामृत पाजून उठतो का? कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असत्या तर लोह कमी म्हणालो असतो, चुनखडीच्या रानात होतं तसं. हे खालून वाळतंय, म्हणजे कंदकूज वाटतेय. वसमतकर, बुंधा धरून ओढून बघा. सहज हातात येतो का?

नांदेडचा_पोरगा
मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची आळवणी करा, म्हणजे पाण्यातून मुळाशी ओता, त्यातच ट्रायकोडर्मा मिसळा. एका खर्चात दोन कामं.

आलेवाला_सातारा
अहो, ट्रायकोडर्मा ही पण बुरशीच आहे! बुरशीनाशकातच मिसळली तर मरणार नाही का? आधी बुरशीनाशक, मग दहा-पंधरा दिवसांनी ट्रायकोडर्मा शेणखतातून. आणि पाणी अजून उभं असेल तर कसलीच आळवणी नको. आधी चर काढा, वापसा येऊ द्या, म्हणजे रान जरा सुकू द्या.

कोकणी_सुरण
आम्ही सुरण लावतो. त्यालाही साचलेलं पाणी चालत नाही, म्हणून उतारावर लावतो. तुम्ही पण उतारावर लावा ना.

वसमतकर
उतार कुठून आणू? पाणी साचायचं कारण वेगळंच आहे. खालचा रस्ता यंदा वर उचलला, ठेकेदारानं खालून पाणी जायला नळी टाकलीच नाही. आधी पाणी रात्रीतून निघून जायचं.

आलेवाला_सातारा
हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतंत! पुढल्या वर्षी फूटभर उंच गादी आणि ठिबक करा. बेणं यातलं ठेवू नका.

काळी_माती
आणि हळद पीकविम्याच्या यादीत नाही, हे लक्षात ठेवा. 33 टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर तलाठ्याला सरकारी मदतीच्या पंचनाम्याला बोलवा.

वसमतकर
आत्ता बघून आलो. दहा बुंधे ओढले, चार मुळासकट हातात आले. जेठा गड्डा, म्हणजे मधला मुख्य कंद, दाबला की पाणी सुटतंय, घाण वास येतोय. बाटल्या तशाच ठेवल्यात. चर खणायला घेतलाय, पण शेजारी म्हणतोय तुझं पाणी माझ्या रानात येईल. त्यावर काही सोडता येतं का?