स्विच लाइट घ्यावा की छोटा टॅब? मदत हवी आहे

मंडळी, आठवड्यातून तीनदा पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोड-मुंबई करतो. कसारा घाटात बोगदे लागले की नेटवर्क गुल, म्हणून ऑफलाइन गेम हवेत. मनात २०१९ सालचा निन्टेंडो स्विच लाइट आहे, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र. साडेपाच इंची स्क्रीन, खरीखुरी बटणं. पण नेहमीसारखा ब्राउझर नाही, मेल बघायला परत मोबाइल काढा! आयपॅड मिनी ८.३ इंची, सगळं करतो. पण काचेवर अंगठे घासत खेळण्यात काय मजा? (माझ्या जुन्या पीएसपीत, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या यंत्रातसुद्धा ब्राउझर होता, रडतखडत का होईना चालायचा.) टॅबला ब्लूटूथ कंट्रोलर जोडून गाडीच्या गर्दीत कुणी खेळतं का? आणि सेकंडहँड स्विच लाइट घेताना जॉयस्टिक कशी तपासायची? नाशकात ती दुरुस्त करणारं कुणी माहीत असेल तर तेही सांगा.