हर्मन कासवाची शीतनिद्रा: शेडमध्ये की फ्रिजमध्ये?

लीड्सनिवासी:
नमस्कार. माझ्याकडे नऊ वर्षांचे, १,१०० ग्रॅम वजनाचे हर्मन जातीचे कासव आहे. गेल्या हिवाळ्यात त्याला पेंढा भरलेल्या पेटीत घालून परसातील शेडमध्ये ठेवले होते. जानेवारीत थोडी ऊब पडताच ते जागे होऊन पेटी खरवडू लागले, मग पुन्हा कडाका पडला, आणि मार्चमध्ये बाहेर काढले तेव्हा ते इतके अशक्त झाले होते की पंधरा दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही. यंदा ऑक्टोबर लागल्यापासून त्याचे खाणे कमी झाले आहे. अंगात ताकद राहावी म्हणून त्याला झोपेपर्यंत भरपूर खाऊ घालावे का, आणि काही जण सांगतात तसे खरोखरच फ्रिजमध्ये ठेवावे का? मला ते क्रूरपणाचे वाटते, म्हणून विचारतो आहे.

बर्मिंगहॅमकर:
आपली काळजी मी समजू शकते, कारण पहिल्या वर्षी फ्रिजचे दार लावताना माझाही हात थरथरला होता. परंतु शेडमधील तापमान बाहेरच्या हवेबरोबर वरखाली होते आणि धोका नेमका तिथेच असतो: पारा शून्याखाली गेला तर कासवाचे डोळे व पाय गोठून कायमची इजा होऊ शकते, आणि १० अंशांच्या वर गेला तर ते अर्धवट जागे होऊन अंगातील साठा जाळू लागते. फ्रिजमध्ये मात्र तापमान ५ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर ठेवता येते. फ्रिज दोन आठवडे आधी रिकामा चालवून पाहावा, आत पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात म्हणजे तापमान फारसे हलत नाही, आणि फ्रिजच्या आकड्यावर न विसंबता वेगळा थर्मामीटर लावावा. हवा खेळती राहावी म्हणून दार रोज एक-दोन मिनिटे उघडावे.

शेवटपर्यंत खाऊ घालणे मात्र कटाक्षाने टाळावे. थंडीत पचन थांबते आणि पोटात राहिलेले अन्न तिथेच कुजते. एवढ्या मोठ्या कासवाला शीतनिद्रेपूर्वी तीन ते चार आठवडे उपाशी ठेवावे, या काळात तापमान हळूहळू उतरवत न्यावे आणि कोमट पाण्याची उथळ अंघोळ नियमित घालावी, म्हणजे आतडी रिकामी होतात व मूत्राशयात पाणी भरून राहते. ते पाणीच त्याची हिवाळ्याची शिदोरी असते. म्हणून झोपेत त्याने लघवी केल्याचे दिसले, तर त्याच दिवशी त्याला उठवावे.

दर आठवड्याला वजन करून वहीत लिहून ठेवावे. आपल्या कासवाचे वजन ११० ग्रॅमनी, म्हणजे एक दशांशाने घटले, तर शीतनिद्रा तिथेच थांबवून त्याला उठवावे.

एक पशुवैद्य, पुणे:
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. मात्र उपवास सुरू करण्याआधी त्याची तपासणी करून घ्यावी. गेल्या मार्चमधील अशक्तपणा पूर्ण भरून निघाला नसेल, नाक वाहत असेल किंवा वजन कमी असेल, तर यंदा शीतनिद्रा टाळून त्याला उष्ण व अतिनील दिव्याखाली जागेच ठेवणे श्रेयस्कर.

हा धागा वाचणाऱ्या भारतातील मंडळींसाठी सांगतो, की हर्मन कासव भूमध्य समुद्राच्या परिसरातील असल्यामुळे त्याला हिवाळी झोप ठाऊक आहे. आपल्याकडचे स्टार कासव अशी शीतनिद्रा घेत नाही, त्यामुळे हा प्रयोग त्याच्यावर करू नये. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार स्टार कासव घरी पाळता येत नाही. सापडल्यास वन विभागाला कळवावे.

लीड्सनिवासी:
मनापासून आभार. तपासणीची वेळ घेतली आहे. त्याला उठवताना एकदम दिव्याखाली ठेवावे का?

बर्मिंगहॅमकर:
नाही. आधी पेटी काही तास खोलीच्या तापमानात ठेवावी, नंतर कोमट पाण्यात बसवून त्याला पाणी पिऊ द्यावे, आणि मगच ३० अंशांच्या आसपास उष्णता देणाऱ्या दिव्याखाली न्यावे. आठवडाभरात त्याने काही खाल्ले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्यांकडे जावे.