मदत हवी आहे: दोन यूएसबी डिस्कना सिरीयल नंबर कशावरून द्यावा?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यात तापमान नोंदवायला दोन यंत्रं बसवली आहेत. दोन्हींत रास्पबेरी पाय झिरो, म्हणजे छोटा एका बोर्डाचा संगणक. ऑफिसातल्या लिनक्स पीसीला ती पेनड्राइव्हसारखी दिसतात आणि तो दर तासाला नोंदी उचलतो. यूएसबी गॅजेटचा, म्हणजे बोर्डाला पेनड्राइव्ह म्हणून दाखवणारा, कोड मी लिहिलाय. चाचणीपुरता सिरीयल नंबर '१२३४५६७८९०१२' टाकला, तो तसाच राहिला, आणि एकाच इमेजवरून (कार्डाच्या पूर्ण प्रतीवरून) दोन्ही एसडी कार्डं केली.

परवा पहाटे लाईट जाऊन आली. एसडीए-एसडीबी या लिनक्सने दोन डिस्कना दिलेल्या नावांची अदलाबदल झाली, आणि एका यंत्राच्या नोंदी दुसऱ्याच्या फाइलमध्ये गेल्या. फ्रीजर खोलीच्या फाइलमध्ये ३ वाजता उणे १८, पुढच्याच ओळीत ४ वाजता उणे ५. मालकांनी झोपेतल्या माणसाला उठवून फ्रीजरकडे पळवलं. फ्रीजर ठणठणीत होता, चूक माझ्या कोडची. लिनक्स जिथे सिरीयल नंबरवरून डिस्कची कायमची नावं ठेवतो, त्या 'बाय-आयडी' फोल्डरात बघितलं तर लिंक एकच. दोन्ही डिस्क एकाच नावावर भांडतायत.

आता नंबर कुठून घेऊ? बूट होताना रँडम काढला तर पीसीला दर वेळी नवीच डिस्क दिसेल. एसडी कार्डाचा सीआयडी (कार्डातच कोरलेला ओळख क्रमांक) घ्यावा, तर इथल्या खाऱ्या हवेत कार्डं बदलावी लागतात. की बोर्डाचा नंबर? १ जूनला मासेमारी बंद झाली की कारखान्यात हात घालायला मिळेल, त्याआधी कोड पक्का करायचाय.

प्रतिसाद:
बोर्डाचाच घ्या, डिव्हाइस ट्रीमध्ये (लिनक्सकडच्या हार्डवेअरच्या माहितीत) मिळेल. वाचताना शेवटी एक शून्य बाइट चिकटून येतो, तो काढा. अक्षरं कॅपिटल करा: बल्क-ओन्लीच्या (यूएसबी डिस्कच्या मानकाच्या) नियमात ० ते ९ आणि ए ते एफ एवढंच चालतं, किमान १२ अंक, आणि शेवटचे १२ प्रत्येकाचे वेगळे हवेत. बोर्डाचे १६ असतात, पण झिरोवर पहिले ८ नुसती शून्यं. म्हणून पुढचे १२ कापून घेऊ नका, ओळखीला चारच अंक उरतील. गॅजेट यूडीसीला (बोर्डाच्या यूएसबी कंट्रोलरला) जोडण्याआधी नंबर लिहा. फाइल सिस्टिमच्या आयडीवरही विसंबू नका. एकाच इमेजची कार्डं, तो सारखाच असणार.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. मी पुढचेच १२ घेणार होतो! घरच्या टेबलावर आता दोन लिंका दिसतायत, दहा वेळा वीज तोडून पाहिली. दोन्ही डब्यांच्या झाकणावर मार्करने शेवटचे चार अंक लिहिलेत, बोर्ड बदलला तर ते आणि पीसीवरची नोंद एकदमच बदलेन.