प्रति: लॅड लिट म्हणजे नक्कल?

'लॅड लिट म्हणजे चिक लिटची पुरुषी नक्कल' हे इथे कुणीतरी मांडलेलं मत पटलं नाही. (चिक लिट म्हणजे शहरी तरुणींच्या प्रेम-नोकरीच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या, लॅड लिट म्हणजे तशाच तरुण पुरुषांच्या.) लॅड लिटमधली निक हॉर्नबी या इंग्रज लेखकाची 'हाय फिडेलिटी' १९९५ची. चिक लिटमधली गाजलेली 'ब्रिजेट जोन्स' पुस्तकरूपात आली १९९६ला, म्हणजे नंतर. हॉर्नबीचा नायक लंडनमध्ये रेकॉर्डचं दुकान चालवतो आणि आपल्या प्रेमभंगांची टॉप फाइव्ह यादी करत बसतो. तिशी उलटली तरी नातं निभवायचं म्हटलं की पळ काढतो. सगळी गंमत आणि सगळं दुखणं त्या यादीतच आहे.

आपल्याकडे मसाला कमी आहे का? नाशिकच्या अंबडला नोकरी, पाथर्डी फाट्याला हप्त्यावरचा फ्लॅट, आणि स्थळाकडून पहिलाच प्रश्न, "पुण्याला शिफ्ट होणार का?" लिहा की कुणी नाशिककराने! फक्त शेवटी शहाणी बायको येऊन त्याला सुधारते, एवढं टाळा. फार झालं ते.